'मर्देका' : एका शब्दाची कुळकथा

आपला स्वातंत्र्यदिन पंधरा ऑगस्टला होतो आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, सतरा ऑगस्टला, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन येतो. काही वर्षांपूर्वी त्या दिवसांत मी जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात होतो. आपल्याकडे गणपतीच्या आधी गल्लोगल्ली जशी लगबग असते, तशी तिथं होती. प्रत्येक आळीच्या तोंडाशी कमान उभी राहिलेली आणि घराघरावर लाल-पांढरी निशाणं. एका मोकळ्या जागेत सुपारीचं खोड सोलून, तेल चोपडून उभं केलेलं होतं आणि त्याच्या शेंड्याला बक्षिसं टांगलेली होती. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. मला आपली दहीहंडी आठवली.

त्या कमानीला तिथले लोक 'गापुरा' म्हणतात. हे आपलं 'गोपुर'. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दिर्गाहायु', म्हणजे आपलं 'दीर्घायु'. प्रजासत्ताकाला दीर्घायुष्य चिंतिलेलं होतं. आणि त्याखाली एकच शब्द होता, 'मर्देका!'

चहाच्या टपरीवर माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाले होते. त्यांना इंग्रजी बरं येत होतं. मी भारतातला आहे म्हटल्यावर गप्पा सुरू झाल्या आणि मला चेव चढला. गापुरा आमचा, दिर्गाहायु आमचा, तुमची 'बाहासा' म्हणजे आमची भाषा, 'नगारा' म्हणजे आमचं नगर, 'गुरू' तर आमचेच, अशी यादीच मी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पाक, मर्देका म्हणजे तुमच्या भाषेत काय?" ('पाक' म्हणजे आपण 'काका' किंवा 'साहेब' म्हणतो तसं.)

मला येत नव्हतं. पण नाही म्हणायचं जिवावर आलं. मी ठोकून दिलं, की 'मर्द' वरून आला असावा. मर्द म्हणजे पुरुष, शूर, म्हणून स्वतंत्र. ते मिश्किल हसले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या बायका अजून स्वतंत्र झाल्याच नाहीत म्हणायच्या!"

घरी परत आल्यावर कोश काढून बसलो. माझं उत्तर साफ चुकलं होतं. बरोबर उत्तर मात्र इतकं विलक्षण निघालं, की आज श्रोत्यांना तेच सांगायचं ठरवलं आहे.

'मर्देका' म्हणजे स्वतंत्र. हा शब्द मूळ संस्कृत आहे आणि त्याचं मूळ रूप आहे 'महर्द्धिक'. आपल्यापैकी अनेकांनी तो कधी ऐकलाही नसेल, पण त्याची फोड शाळेत संधी शिकलेल्या कुणालाही करता येईल. महा आणि ऋषी मिळून जसा महर्षी होतो, तसंच महा आणि ऋद्धी मिळून महर्द्धी. त्याला शेवटी 'क' जोडला, की महर्द्धिक. ज्याच्यापाशी मोठी ऋद्धी आहे तो. आणि ऋद्धी तर आपल्या घरातलीच. गणपतीच्या दोन बाजूंना ऋद्धी-सिद्धी उभ्या असतात, त्यांतली ती पहिली. ऋद्धी म्हणजे भरभराट, समृद्धी. 'समृद्धी' या शब्दातही ती लपलेलीच आहे.

म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ स्वतंत्र असा नव्हताच. होता 'मोठा संपन्न' किंवा 'मोठ्या सामर्थ्याचा' असा. बौद्ध वाङ्मयात ऋद्धी म्हणजे केवळ पैसाअडका नव्हे, तर साधनेनं मिळालेली अलौकिक शक्ती. पालीत तिला 'इद्धि' म्हणतात आणि ती ज्याच्यापाशी आहे तो 'महिद्धिक'. बुद्धाच्या शिष्यांपैकी मोग्गल्लान हे अशा ऋद्धिमंतांचे अग्रणी मानले जातात. जैन ग्रंथांतही देवांच्या वर्णनात महर्द्धिक हे विशेषण येतं. श्रीमंत, समर्थ, सिद्ध असं या शब्दाचं माहेर. हा खानदानी शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तिथं गुलामीतून सुटलेल्या माणसाचं नाव झाला. हे कसं घडलं, तीच आजची गोष्ट.

आधी एक गैरसमज दूर करू. संस्कृत शब्द तिकडे गेले म्हणजे आपले राजे तिकडे गेले आणि त्यांनी देश जिंकले, असं लहानपणी आम्हाला सांगितलं जाई. 'बृहद्भारत' हा शब्द तेव्हा फार लाडका होता. पण शिलालेख वेगळंच सांगतात. बोर्निओ बेटाच्या पूर्व भागात कुताई इथं सात दगडी यूप सापडले आहेत. ते साधारण इ. स. ४०० च्या सुमाराचे आहेत आणि त्यांवरची भाषा संस्कृत आहे. राजाचं नाव मूलवर्मन्, त्याच्या बापाचं अश्ववर्मन्, पण आजोबाचं नाव आहे कुंडुंगा. हे नाव संस्कृत नाही, तिथल्याच मातीतलं आहे. म्हणजे घराणं स्थानिकच होतं. त्यांनी ब्राह्मणांना बोलावलं, दानं दिली, नावं संस्कृत घेतली. कुणी लादलं नव्हतं, त्यांना हवंसं वाटलं म्हणून घेतलं. पुढं सुमात्रात, आजच्या पालेंबांगजवळ, सातव्या शतकाच्या अखेरीचा केदुकान बुकित लेख सापडतो. त्याची भाषा जुनी मलय आहे, पण कालगणना शकाची आणि शब्द ठायी ठायी संस्कृत. व्यापाराच्या, देवाधर्माच्या आणि दरबाराच्या वाटेनं हे शब्द असे त्या भाषांत मुरले. डच पंडित यान खोंडा यांनी १९५२ साली 'संस्कृत इन इंडोनेशिया' हा जाडजूड ग्रंथ लिहिला, तो या विषयाचा आजही आधार मानला जातो.

शब्द मुरले म्हणजे तसेच राहिले असं नव्हे. मलय जिभेला आपले महाप्राण पेलत नाहीत. मग 'भाषा' मधला भ फुटून 'बाहासा' होतो. 'उपवास' आखडून 'पुआसा' होतो, आणि इंडोनेशियातले मुसलमान रमजानचे रोजे धरतात त्यालाही हाच शब्द वापरतात. कवटीचं 'कपाल' तिथं अख्ख्या डोक्याला 'कपाला' झालं. 'भांडागार' चा खजिनदार होऊन तो 'बंदाहारा' झाला. आणि आपला 'संसार' तिथं 'संग्सारा' झाला. त्याचा अर्थ काय, तर हालअपेष्टा! संसारी श्रोत्यांना यावर वेगळं भाष्य नको.

याच रीतीनं 'महर्द्धिक' मधला 'द्ध' साधा 'द' झाला, 'ह' झिजून गेला, पहिला स्वर पुसट झाला आणि 'दि' चा 'दे' झाला. महर्द्धिक, महर्दिक, मर्दिका, मर्देका. जुन्या मलय लेखनात 'ह' जपणारं 'मर्देहेका' असं रूपही दिसतं, ती या वाटेवरची एक पायरी.

एक इशाराही द्यायला हवा. सारखं दिसलं म्हणजे नातं असतंच असं नाही. वडीलधाऱ्यांना तिथं 'बापक' म्हणतात, त्याचंच आखूड रूप 'पाक'. पण त्याचा आपल्या 'बाप' शी संबंध नाही. लहान मूल जगात कुठंही ओठ मिटून बा-पा-मा म्हणतंच. माझी 'मर्द' ची फजिती अशाच सारखेपणातून झाली होती.

आता अर्थाकडे येऊ. जुन्या जावानी भाषेत 'महर्धिक' येतो तो श्रेष्ठ, ज्ञानी, पूज्य पुरुष या अर्थानं. पैशाची श्रीमंती मागे पडली आणि ज्ञानाची, तपाची श्रीमंती पुढे आली. अशा पूज्य माणसांना राजा काय देतो? जमीन देतो आणि कर माफ करतो. जावात फार पूर्वीपासून देवस्थानांसाठी गावं तोडून देण्याची चाल होती. त्यांच्या हद्दीवर दगड रोवत आणि अशा जमिनीला म्हणत 'सीमा'. तोही आपलाच शब्द. पुढच्या काळात अशा करमुक्त गावांना 'पर्दिकान' म्हणू लागले. हे 'मर्दिका' चंच रूप. या गावांनी राजाला सारा द्यायचा नाही, वेठबिगारीला माणसं पाठवायची नाहीत. त्याऐवजी एखाद्या संताची कबर, एखादं पवित्र स्थान, एखादी धार्मिक पाठशाळा सांभाळायची. आपल्याकडे इनाम गावं होती, देवस्थानची इनामं होती, तसाच हा प्रकार. ज्यांच्या पणजोबांनी वेठ केली असेल, त्यांना वेगळं सांगायला नको, की वेठीतून सुटका हीच तेव्हाची मोठी श्रीमंती होती.

इथं शब्दानं कूस बदलली. संपन्न माणूस, मग पूज्य माणूस, मग कर आणि वेठ माफ असलेला माणूस. आणि ज्याच्यावर कुणाचा हक्क चालत नाही, तो मोकळा माणूस. पंधराव्या शतकात मलाक्का हे मोठं बंदर होतं. तिथल्या मलय कायद्यात माणसांचे दोन भाग पाडलेले दिसतात, एक गुलाम आणि दुसरा मर्देका. एकाच अपराधाला दोघांना वेगळी शिक्षा. म्हणजे तोवर हा शब्द थेट गुलामाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहिला होता.

याच शब्दाचं एक भावंडं फिलिपिन्समध्ये आहे, 'महारलिका'. १५८९ साली प्लासेन्सिया नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूनं तिथल्या तागालोग समाजाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. महारलिका म्हणजे मोकळे लोक. ते सरदाराला खंडणी देत नाहीत, पण लढाईला मात्र स्वखर्चानं त्याच्याबरोबर जातात. पुढे विसाव्या शतकात तिथं समज पसरला, की महारलिका म्हणजे राजघराण्यातले, खानदानी लोक. हुकूमशहा मार्कोस यांना हा शब्द फार प्रिय. दुसऱ्या महायुद्धात आपण याच नावाच्या गनिमी पथकाचे प्रमुख होतो असं ते सांगत. १९८६ च्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराचे कागद बाहेर आले, तेव्हा त्या दाव्यातली हवा निघून गेली. देशाचं नावच महारलिका करावं अशी टूम तिथं अधूनमधून निघते, आणि २०२३ साली सरकारी गुंतवणूक निधीलाही तेच नाव दिलं गेलं. एकाच आईची दोन लेकरं. एकाला सत्तेनं कडेवर घेतलं, तर दुसऱ्याला गुलामांनी.

आता त्या गुलामांकडे वळू. हा भाग सांगताना माझा आवाज थोडा जड होईल, कारण हे गुलाम आपलेच होते.

१६१९ साली डचांनी जावातलं जयकर्ता जिंकलं आणि तिथं बटाव्हिया वसवलं. तेच आजचं जकार्ता. शहर बांधायला हात हवे होते. ते आणले गुलामांचे, आणि त्यांतले पुष्कळसे हिंदुस्थानातून. कोरोमंडल, मलबार, बंगाल या किनाऱ्यांवरून जहाजं भरून माणसं गेली. दुष्काळ पडला, लढाया झाल्या, की आई-बाप पोटच्या पोरांना विकत आणि डच व्यापारी पुलिकत, नागपट्टणम् अशा बंदरांतून त्यांना भरून नेत. शिवाय पोर्तुगीजांची ठाणी डचांनी घेतली, तेव्हा त्यांचे गुलामही हाती आले. हे लोक पोर्तुगीजांच्या हाताखाली राहिल्यानं मोडकी पोर्तुगीज बोलत आणि ख्रिस्ती झालेले असत.

पुढे यांतल्या अनेकांना मुक्त केलं गेलं. त्या मोकळ्या झालेल्या लोकांना गावातले मलय बोलणारे म्हणत 'मर्दिका'. डचांनी आपल्या तोंडाला सोयीचं केलं, 'मार्डायकर'. बटाव्हियात मार्डायकरांची एक मोठी जमातच झाली. त्यांच्या स्वतंत्र लष्करी तुकड्या होत्या आणि त्यांच्यासाठी तटाबाहेर बांधलेलं चर्च होतं. १६९५ साली उघडलेलं ते चर्च जकार्तात अजून उभं आहे. विचार करा, बंगालच्या किंवा तमिळ मुलुखातल्या कुणा पोराला लहानपणी विकलं. त्याचं नाव गेलं, भाषा गेली, देव गेला. आणि म्हातारपणी त्याला जे एकमेव नाव मिळालं, ते संस्कृत होतं. पण हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याच्या धन्यालाही नव्हतं.

इथं महाराष्ट्राचा एक धागा येतो. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ साली, शिवाजी महाराजांनी डचांना कोरोमंडल किनाऱ्यावर व्यापाराची सनद दिली. तिचं डच भाषांतर त्यांच्या दप्तरात आहे. त्यात एक कलम असं आहे, की आधीच्या राजवटीत तुम्हाला इथं स्त्री-पुरुष गुलाम विकत घेण्याची मुभा होती, पण माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही. गुलाम घ्यायचेही नाहीत आणि बाहेर न्यायचेही नाहीत. बटाव्हियाच्या धक्क्यावर उतरणारी माणसं याच किनाऱ्यावरून जात होती. त्या कलमाचं मोल कळायला हा दुसरा किनाराही पाहावा लागतो.

या लोकांच्या पोर्तुगीजमुळं आणखी एक गंमत झाली आहे. इंडोनेशियात ख्रिस्तजन्माच्या सणाला 'नाताल' म्हणतात आणि आपण म्हणतो नाताळ. दोघांनीही तो पोर्तुगीजांकडून घेतला. तिथली 'पिता' म्हणजे आपली फीत, तीही तिथलीच. आणि तिथला 'लेलांग' म्हणजे आपला लिलाव, मूळ पोर्तुगीज 'लैलांव'. नाताळ आणि फीत ऐकून बरं वाटतं. लिलाव ऐकून मात्र मी थांबलो. त्या काळी लिलावात काय काय पुकारलं जाई, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

जकार्ताच्या उत्तरेला, बंदराजवळ, तुगू नावाची वस्ती आहे. सतराव्या शतकात काही मार्डायकर कुटुंबं तिथं जाऊन राहिली. त्यांचं अठराव्या शतकातलं छोटं पांढरं चर्च आहे. त्यांनी पोर्तुगीज धर्तीची छोटी गिटार आणि तिचं 'क्रोंचोंग' संगीत जपलं, आणि ते पुढं साऱ्या इंडोनेशियाचं लाडकं संगीत झालं. मात्र सगळीच गोष्ट गोड नाही. औखुस्तेन मिखिल्स नावाचा एक मार्डायकर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अफाट श्रीमंत जमीनदार झाला. त्याच्या पदरी वाद्यवृंद होता आणि त्यातले वादक गुलाम होते. मुक्त झालेल्यांचा वंशज दुसऱ्यांचा मालक झाला. 'महर्द्धिक' चा जुना अर्थ असा पुन्हा वर आला म्हणायचा. डच वसाहतीतली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १८६० साली.

विसाव्या शतकात या शब्दाला पुन्हा नवा जन्म मिळाला. तोवर मर्देका असे तो एकटादुकटा माणूस. आता प्रश्न आला, अख्खा देश मर्देका होऊ शकतो का?

१९१३ साली हॉलंडला फ्रेंचांपासून सुटल्याची शंभर वर्षं झाली. डचांनी तो उत्सव जावातही करायचं ठरवलं आणि त्यासाठी गुलाम रयतेकडूनच वर्गणी गोळा करू लागले. सुवर्दी सुर्यानिंग्रात या तरुण पत्रकारानं 'मी जर डच असतो' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक उपरोधिक लेख लिहिला. ज्यांचं स्वातंत्र्य आपण हिरावलं, त्यांनाच आपल्या स्वातंत्र्याच्या सणाचे पैसे मागायला आपल्याला लाज वाटली असती, असा त्याचा रोख. सरकारनं त्याला हद्दपार केलं. पुढं तो परतला, १९२२ साली त्यानं योग्यकर्त्यात राष्ट्रीय शाळा काढली, तिचं नाव 'तामान सिस्वा'. सिस्वा म्हणजे शिष्य. स्वतःचं नाव त्यानं पुढे बदलून 'की हजार देवांतारा' केलं. शाळेत असताना मी ज्या शिक्षणतज्ज्ञाचं नावही ऐकलं नव्हतं, त्याचा जन्मदिवस, दोन मे, आज इंडोनेशियाचा राष्ट्रीय शिक्षणदिन आहे.

तिकडे हॉलंडमध्ये शिकणाऱ्या इंडोनेशियन विद्यार्थ्यांचं एक मासिक होतं, 'हिंदिया पुत्र'. १९२४ साली त्यांनी त्याचं नाव बदलून 'इंडोनेशिया मर्देका' ठेवलं. 'पुत्र' गेला आणि 'मर्देका' आला, हा बदल लहान नव्हता. मोहम्मद हट्टा हे त्यांचे पुढारी. १९२८ साली हेगच्या न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तरुणांनी शपथ घेतली, एक मातृभूमी, एक राष्ट्र, एक भाषा. राष्ट्राला शब्द वापरला 'बांग्सा', म्हणजे आपला 'वंश'. भाषा निवडली ती जावानी नव्हे, तर मलय. जावानी बोलणारे सर्वांत जास्त, पण बंदराबंदरांतली सगळ्यांची भाषा मलय. बहुसंख्यांनी आपली भाषा पुढं रेटली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

सुकार्नो यांनी १९३३ साली 'इंडोनेशिया मर्देका' कसा मिळवायचा यावर पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी ते पकडले गेले. १ जून १९४५ ला त्यांनी 'पंचशील' मांडणारं जे प्रसिद्ध भाषण केलं, त्यात मर्देका म्हणजे काय याचीच चर्चा आधी आहे. काहीजण म्हणत होते, आधी शिक्षण हवं, पैसा हवा, तयारी हवी, मग स्वातंत्र्य. सुकार्नो म्हणाले, की काही जण घर, फर्निचर, पगार सगळं झाल्यावर लग्न करू म्हणतात, तर गरीब माणूस एक चटई नि एक भांडं घेऊन संसार मांडतो. आपणही तसंच करू. 'महर्द्धिक' चा मूळ अर्थ संपन्न असा होता, हे आठवून पाहा. आधी श्रीमंत, मग स्वतंत्र असा शब्दाचा जुना क्रम त्यांनी उलटा करून टाकला. आधी मर्देका व्हायचं, ऋद्धी मागून येईल.

१७ ऑगस्ट १९४५ ला सकाळी जकार्तात हट्टांना शेजारी घेऊन सुकार्नो यांनी घोषणा वाचली. घोषणा इनमीन दोन वाक्यांची. त्यात राष्ट्र हा शब्द 'बांग्सा', नाव हा शब्द 'नामा' आणि स्वातंत्र्य 'कमर्देकाआन'. नभोवाणीवरून बोलताना सांगायला विशेष आनंद होतो, की त्याच संध्याकाळी युसूफ रोनोदिपुरो या तरुण निवेदकानं जपानी पहारा चुकवून ही बातमी रेडिओवरून वाचली. १ सप्टेंबरपासून नव्या सरकारनं ठरवून दिलं, की दोन नागरिक भेटले, की हात वर करून, पाचही बोटं उघडून 'मर्देका' म्हणायचं. गुलामाच्या सुटकेचा शब्द आता राम राम सारखा झाला.

मग आलं सुराबायाचं प्रकरण. जपान हरल्यावर ब्रिटिशांनी आपली फौज जावात उतरवली आणि ती फौज होती बहुतांश हिंदी. २५ ऑक्टोबर १९४५ ला सुराबायात जी ४९ वी ब्रिगेड उतरली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. ३० तारखेला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले, आणि १० नोव्हेंबरला घनघोर लढाई सुरू झाली. तिकडे रेडिओवरून बुंग तोमो नावाचा तरुण लोकांना लढायला हाक देत होता, आणि रस्त्यारस्त्यावर एकच आरोळी होती, 'मर्देका नाहीतर मरण'. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या पोरांच्या कानावर ती पडली असणारच. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाचे शिपाई, दुसऱ्या पारतंत्र्यातल्या लोकांसमोर बंदूक धरून उभे. समोरचे ओरडत होते तो शब्द मूळ आपल्याकडचा आहे, हे त्यांना कोण सांगणार? आणि सांगून तरी काय उपयोग झाला असता? त्या दिवशी तो शब्द आपला नव्हता, त्यांचा होता. हिंदी फौज इंडोनेशियातून परत आणा, अशी मागणी नेहरू आणि काँग्रेसनं लावून धरली होती, याची नोंद इथं केलीच पाहिजे.

डचांनी अखेर २७ डिसेंबर १९४९ ला सार्वभौमत्व मान्य केलं. त्यांच्या गव्हर्नर जनरलच्या वाड्याचं नाव झालं 'मर्देका राजवाडा'. बांडुंगमधला गोऱ्यांचा क्लब झाला 'मर्देका भवन', आणि एप्रिल १९५५ मध्ये तिथंच आशिया-आफ्रिकेची परिषद भरली. नेहरू त्या सभागृहात बसले होते. ३१ ऑगस्ट १९५७ ला क्वालालंपूरमध्ये मलायाच्या पंतप्रधानांनी, तुंकू अब्दुल रहमान यांनी, याच शब्दाचा सात वेळा जयघोष केला. आणि अलीकडे इंडोनेशियानं शाळांसाठी जो नवा अभ्यासक्रम आणला, त्याचं नावही 'मर्देका' च आहे.

श्रोतेहो, त्या निवृत्त गुरुजींना मी आज काय सांगेन, याचा मी अनेकदा विचार करतो. मूळ शब्द आमचा, हे खरंच आहे. पण आमच्याकडे तो पोथ्यांतच राहिला. त्याला झिजवलं, वाकवलं, करमाफीच्या गावात नेलं, गुलामाच्या बरगड्यांवर ठेवलं आणि शेवटी रस्त्यावर आणलं, ते त्या बेटांवरच्या लोकांनी. शब्दाचं कूळ सांगता येतं, म्हणून त्याची मालकी सांगता येत नाही. मुलगी सासरी नांदते, तिथं घर उभं करते. माहेरच्यांनी अभिमान जरूर बाळगावा, पण सातबाऱ्यावर नाव लावायला जाऊ नये.

आणि त्यांच्या थट्टेला माझं उत्तर असं असेल : नाही गुरुजी, 'मर्द' चा याच्याशी काही संबंध नाही. मूळ शब्द आहे तो ऋद्धीचा, आणि आमच्याकडे ऋद्धी ही स्त्री आहे. तेव्हा तुमच्या घरातल्या बायकांना निर्धास्त सांगा, हा शब्द आधी त्यांचा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)